गोविंदराव टेंबे : पेटीवादन आणि बहुमुखित्व

१

गोविंद सदाशिव टेंबे (५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५) यांच्या नावामागे लावल्या जाणाऱ्या विशेषणांची यादी लांबलचक आहे. पेटीवादक, नाट्यपदांचे संगीतरचनाकार, नट, नाटक मंडळीचे चालक, नाटककार, बोलपटांचे नायक आणि संगीत-दिग्दर्शक, संगीतिकाकार, आत्मचरित्रकार आणि चरित्रकार, अशी ही यादी वाचली म्हणजे मनात प्रथम आदर उत्पन्न होतो, आणि त्याच्या पाठोपाठ एक संशयही डोकावतो. इतक्या क्षेत्रांत संचार करणाऱ्या माणसाची एखाद्या तरी क्षेत्रात खोल मुळे रुजली असतील काय? अष्टपैलुत्व हा शब्द मराठीत गौरवार्थी असला, तरी कलासमीक्षेत तो पुष्कळदा सौम्य निषेधाचे काम करतो.

विद्यापीठीय अभ्यासाच्या विभागणीने ह्या संशयाला नकळत बळ दिले आहे. नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात टेंबे येतात ते 'मानापमाना'ला चाली देणारे म्हणून. चित्रपटाच्या इतिहासात येतात ते पहिल्या मराठी बोलपटातील हरिश्चंद्र म्हणून. आत्मचरित्रांच्या आढाव्यात येतात ते एक रसिक, संगीतवेडे लेखक म्हणून. आणि संगीताच्या इतिहासात येतात ते एका परकीय, काहीशा हलक्या समजल्या गेलेल्या वाद्याला प्रतिष्ठा देणारे म्हणून. प्रत्येक ठिकाणी त्यांच्या वाट्याला परिच्छेद येतो, प्रकरण येत नाही. विषयवार केलेल्या ह्या वाटणीत त्यांच्या कर्तृत्वाचे तुकडे जपले जातात, परंतु ते तुकडे कोणत्या एका वस्तूचे आहेत हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

तो प्रश्न विचारणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. येथील प्रतिपादन थोडक्यात असे की, टेंब्यांची ही विविधता एकाच केंद्रातून निघाली आहे. ते केंद्र म्हणजे पेटी. आणि अधिक नेमकेपणाने बोलावयाचे तर पेटीचे वैगुण्य. जे वाद्य दोन स्वरांमधील सलग वाट दाखवू शकत नाही, त्या वाद्यावर सलगतेचा प्रत्यय कसा आणून द्यावयाचा, ह्या एका अडचणीशी त्यांनी तरुणपणी झुंज घेतली. त्या झुंजीत त्यांना जे ज्ञान झाले तेच पुढे रंगभूमीवर, बोलपटात आणि गद्यलेखनात निरनिराळ्या रूपांनी प्रकट झाले.

२

पेटीचे वैगुण्य नेमके कोणते, हे आरंभी स्पष्ट केले पाहिजे. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली ज्या वाद्याचे पेटंट घेतले, ते युरोपीय घराच्या आणि प्रार्थनामंदिराच्या गरजेतून जन्मले होते. हिंदुस्थानात आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला बैठकीचे रूप दिले. पायाने चालणारा भाता हाताशी आला, वाद्य लहान झाले, जमिनीवर बसून वाजवता येऊ लागले. मराठीने त्याला 'पेटी' हे घरगुती नाव दिले. परंतु आतले सूर मात्र मूळचेच राहिले.

ह्या सुरांविषयीच्या तक्रारी दोन प्रकारच्या आहेत. पहिली स्वरस्थानांची. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर प्रत्येक पट्टी १०० सेंटांच्या अंतरावर येते. तंबोऱ्याच्या नादातून जो शुद्ध गांधार कानाला स्वयंभू जाणवतो तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो; पेटीचा गांधार ४०० सेंटांवर. पंचमाच्या बाबतीत हा फरक अवघा २ सेंटांचा म्हणजे नगण्य आहे, परंतु गांधाराच्या बाबतीत तो १४ सेंटांचा असल्यामुळे तयार कानाला खटकल्यावाचून राहत नाही.

दुसरी तक्रार अधिक मूलगामी आहे. आपल्या संगीतात स्वर हा बिंदू नसून वाट आहे. मींड, आंदोलन, सूत ह्या सर्व संज्ञा एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाण्याच्या रीतीच्या आहेत. दरबारी कानड्यातील कोमल गांधार हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तो एका जागी उभा राहतच नाही. डोलत राहणे हेच त्याचे स्वरूप. पेटीवर कोमल गांधाराची पट्टी आहे, पण डोलणे नाही. पट्टी दाबली की तो स्वर वाजतो, सोडली की थांबतो. मधल्या अवकाशात काहीही नाही. स्वरस्थानांचा दोष कारागिराला कमी करता येईल. हा दुसरा दोष वाद्याच्या घडणीतच आहे.

३

परकी वस्तू आपल्या व्यवस्थेत बसत नसेल, तर तिच्याविषयी तीन प्रकारचे धोरण संभवते. भाषेच्या अभ्यासकाला ही तिन्ही धोरणे परकी शब्दांच्या संदर्भात परिचित आहेत. शब्दाचे रूप बदलून तो आपल्या उच्चारपद्धतीत बसवावयाचा. किंवा तो अशुद्ध ठरवून बाहेर घालवावयाचा, जसे भाषाशुद्धीच्या चळवळीने करू पाहिले. किंवा रूप तसेच ठेवून आपल्या वाक्यरचनेत तो असा वापरावयाचा की त्याचे परकेपण जाणवेनासे व्हावे.

पेटीच्या वाट्याला ही तिन्ही धोरणे आली. पहिल्या मार्गाने कृष्णाजी बल्लाळ देवल गेले. १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध करून त्यांनी श्रुतींची गणिती मांडणी केली, आणि त्या मांडणीनुसार जादा सूर बसवलेली श्रुतिपेटीही तयार करण्यात आली. हा प्रयत्न विद्वत्तेचा होता, परंतु त्याने पहिल्या तक्रारीचेच निवारण होण्यासारखे होते. बारांच्या जागी बावीस बिंदू आले, तरी बिंदू ते बिंदूच. दुसरा मार्ग आकाशवाणीने पत्करला. मार्च १९४० पासून तिने आपल्या कार्यक्रमांतून पेटी वर्ज्य केली, आणि ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचा विरोधही ह्या निर्णयाला अनुकूल होता.

पहिल्या मार्गाचे पूर्णत्वास गेलेले उदाहरण पेटीच्या नव्हे, तर गिटारच्या इतिहासात सापडते. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, पडदे निरुपयोगी ठरवून तारेवरून धातूची कांडी सरकवण्याची पद्धत पत्करली आणि जादा तारा जोडल्या. ते वाद्य मींडेला पूर्णतः अनुकूल झाले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका त्या यशाची साक्ष आहे. पण येथे हेही लक्षात घेतले पाहिजे की, गिटारची मुळातली अडचण सोडवली गेली ती गिटारचे एक प्रकारे सतारीच्या कुळात दत्तविधान करून.

टेंब्यांनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी वाद्य बदलले नाही, वाजवणे बदलले.

४

टेंब्यांचा जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे येथला. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) कोल्हापुरास स्थायिक झाले होते, आणि भास्करबुवा बखल्यांचा (१८६९–१९२२) सहवासही टेंब्यांना लाभला. बखल्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले. पेटीवरचा हात त्यांनी मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने तयार केला. जे शिकावयाचे ते गवयांच्या गळ्यावरून, साथ करता करता शिकले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांच्यापुढे अनुकरणीय पेटीवादक नव्हता, होता तो गवई. म्हणजे ज्याचा गळा पेटीला अशक्य असलेले सर्व काही करू शकतो असा आदर्श.

साथ करणाऱ्याला गायकाचे पुढचे पाऊल ओळखावे लागते. स्वर कोठे सुरू झाला ह्यापेक्षा तो कोठे जाऊन टेकणार आहे, श्वास कोठे घेतला जाणार आहे, समेच्या आधी किती अवकाश शिल्लक आहे, ह्यांवर त्याचे लक्ष असते. म्हणजे साथीदार स्वर ऐकत नाही. तो वाक्य ऐकतो. टेंब्यांच्या स्वतंत्र वादनाचे रहस्य येथे शोधले पाहिजे. पेटीचे स्वतंत्र वादन महाराष्ट्रात प्रतिष्ठित करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. गायकी अंगाचे ते वादन पेटीला नसलेली मींड आणण्याचा हट्ट धरणारे नव्हे. मींड ज्या वाक्यात येते ते वाक्य उभे करणारे होय.

हे कसे घडते ते तांत्रिक भाषेत असे सांगता येईल. शेजारच्या स्वराचा कण देऊन मुख्य स्वरावर यावयाचे; डोलणाऱ्या स्वरावर मुक्काम न करता त्याला मागच्या-पुढच्या स्वरांच्या ओघात ठेवावयाचे; एक पट्टी पुरती सुटण्यापूर्वी दुसरी हलकेच दाबावयाची; आणि भात्याच्या दाबाने स्वराला चढउतार द्यावयाचा. भाता हा पेटीचा श्वास आहे. बोटे स्वर ठरवतात, परंतु वाक्य कोठे संपले हे भाता सांगतो. ज्याचा भाता एकसारखा चालतो त्याची पेटी अक्षरे उच्चारते. ज्याचा भाता अर्थानुसार चालतो त्याची पेटी बोलते.

येथे लिपीचा दाखला उद्‌बोधक ठरेल. मुखातून निघणारे बोलणे हा एक सलग प्रवाह असतो. एक ध्वनी कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला ह्याची रेघ त्यात आखता येत नाही. लिपी मात्र सुटी अक्षरे मांडते. 'तो आला' ही अक्षरे विधानाची, प्रश्नाची, आश्चर्याची किंवा रागाची असू शकतात. सुरांचा तो चढउतार अक्षरांत नसतो. तरीही वाचकाला तो ऐकू येतो, कारण वाक्याची मांडणी त्याला तसे वाचावयास भाग पाडते. लिपीत सलगता नसते, सलगतेची सूचना असते, आणि भाषा जाणणारा वाचक ती सूचना पुरी करतो. पेटी ही संगीताची अशीच लिपी आहे. दरबारीचा गांधार पेटीवर डोलत नाही. परंतु ज्याने तो गळ्यातून ऐकला आहे त्याच्या कानात, योग्य वाक्य उभे राहिले तर, तो डोलतो. आकाशवाणीची बंदी ज्या युक्तिवादावर उभी होती तो वाद्याच्या भौतिक घडणीपुरता खरा होता. श्रोत्याचा सहभाग त्याने हिशेबातच धरला नाही.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) हाही बव्हंशी स्वयंशिक्षित, आणि त्याचेही वाद्य मैफलीच्या दृष्टीने हलके समजले जाणारे. गिटारचे वैगुण्य पेटीच्या उलट आहे. पेटीचा स्वर टिकतो पण सरकत नाही. गिटारचा स्वर छेडताच विरू लागतो. असे असता सेगोव्हियाने व्हायोलिनसाठी, म्हणजे गजाने स्वर हवा तेवढा लांबवता येणाऱ्या वाद्यासाठी, बाखने रचलेली 'शाकोन' ही विस्तृत रचना १९३५ साली पॅरिसमध्ये गिटारवर सादर केली. जो स्वर वाद्यातून नाहीसा झाला आहे तो श्रोत्याच्या कानात टिकवून ठेवणे, हे त्याचे कौशल्य. दोघांचेही कार्य वाद्यात जे नाही ते ऐकवण्याचे आहे.

५

पेटीवर मिळवलेले हे वाक्याचे ज्ञान टेंब्यांनी इतरत्र कसे वापरले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या विविधतेमागील एकसूत्रता ध्यानी येते.

किर्लोस्कर नाटक मंडळीने १९११ साली रंगभूमीवर आणलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला टेंब्यांनी चाली दिल्या. त्यापूर्वीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कामदा यांसारख्या परिचित चालींचे प्राबल्य होते. टेंब्यांनी रागदारी आणि पूरब अंगाची ठुमरी ह्यांचा प्रवाह नाट्यपदात आणला. पुष्कळदा चाल आधी आणि शब्द मागाहून असा क्रम असल्यामुळे रचनाकारापुढे एक भाषिक प्रश्न उभा राहतो. बोलण्याच्या मराठीत 'घर', 'मन', 'फूल' ह्या शब्दांतील अंत्य अकार उच्चारला जात नाही. पद्यात आणि गाण्यात तो उच्चारावा लागतो. म्हणजे बोलण्यात एका आघातात संपणारा शब्द गाण्यात दोन अवयवांचा होतो. ह्या वाढीव अवयवावर हरकत टाकली तर शब्दाचे बोलीतील रूप मोडते. त्याच्या आधीच्या अवयवावर टाकली तर ते टिकते. ठुमरीची बोलबनाव करण्याची रीत ह्या कामी उपयोगी पडणारी आहे, कारण ती शब्दाला वळवते पण त्याचा भाव सुटू देत नाही. 'मानापमाना'ची पदे नाटकाबाहेर मैफलींत शिरली आणि शतकानंतरही गायली जातात, ह्याचे श्रेय केवळ रागांच्या निवडीला देणे अपुरे होय. त्या चालींत गाणाऱ्याला विस्ताराची जागा आहे, आणि बोलणाऱ्या पात्राचे वाक्यही अभंग राहते. सुट्या पट्ट्यांवर वाक्य उभे करण्याची सवय ज्याला होती, त्याला सुट्या अक्षरांवर चाल उभी करणे परके वाटण्याचे कारण नव्हते.

१९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह टेंबे गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत भागीदार झाले. पुढे त्यांतून बाहेर पडून त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली, तीत भूमिका केल्या, नाटकेही लिहिली. ह्या कालखंडाचे मूल्यमापन करताना भाबडेपणा उपयोगाचा नाही. शिवराज मंडळीला गंधर्व मंडळीसारखे दीर्घायुष्य लाभले नाही, आणि नाटककार म्हणून टेंब्यांचे स्थान गौणच राहिले. मंडळी चालवण्यास लागणारे व्यवहारज्ञान पेटी शिकवीत नाही. त्यांच्या विविधतेचा जो भाग त्या केंद्रापासून दूर गेला तोच दुबळा ठरला, हे प्रस्तुत प्रतिपादनाला बाधक नसून पोषकच आहे.

१९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली दुर्गा खोटे यांच्यासमवेत टेंब्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' आला. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. नटाला गाणे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष म्हणावे लागे, आणि वादकांना चौकटीबाहेर राहून त्याच वेळी साथ करावी लागे. रंगभूमीवर एकाच पदाला अनेक वेळा मिळणारा 'वन्स मोअर' आणि त्याबरोबर येणारा विस्तार येथे शक्य नव्हता. थोड्या अवकाशात वाक्य पुरे करणे ही बोलपटाची मागणी होती. पन्नाशी गाठलेल्या, नाटकी बैठकीत वाढलेल्या कलावंताने ह्या नव्या यंत्राशी जुळवून घेतले, ही घटना त्या दृष्टीने वाचली पाहिजे. यंत्राच्या मर्यादेत राहून माणसाचा आवाज ऐकवणे हे त्यांचे जुनेच काम होते.

उरते ते गद्य. 'माझा संगीत-व्यासंग' (१९३९) आणि 'माझा जीवनविहार' (१९४८) ही त्यांची आत्मपर पुस्तके, तसेच अल्लादियाखाँचे त्यांनी लिहिलेले चरित्र, मराठी संगीतविषयक गद्यात वेगळी उठून दिसतात. संगीतावर लिहिताना लेखक सामान्यतः दोन टोकांना जातो. एक तर राग, थाट, श्रुती यांची शास्त्रीय परिभाषा, नाही तर स्वर्गीय, दिव्य अशा शब्दांची उधळण. टेंब्यांचे गद्य ऐकलेल्या गाण्याचे वर्णन करू पाहते : गवयाने आरंभ कसा केला, कोठे थांबला, श्रोत्यांची अपेक्षा कशी लांबवली. लिखित शब्दाला स्वर उच्चारता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून ते स्वराची नक्कल न करता वाचकाच्या कानातील स्मृती जागी करतात. पेटीवर जी युक्ती तीच येथे. साधन अपुरे आहे हे मान्य करूनच ते साधनाकडून काम करवून घेतात.

६

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. सेगोव्हियाने वाद्यासाठी वाङ्मय निर्माण केले. पोन्से, तोर्रोबा, तुरिना यांच्यासारख्या रचनाकारांनी त्याच्यासाठी लिहिलेल्या कृती पुढच्या पिढ्यांनी वाजवल्या, आणि त्याच्या शिष्यपरंपरेतून गिटारला विद्यापीठांत स्थान मिळाले. टेंब्यांनी पेटीसाठी असे काय ठेवले? त्यांचे चित्त एकाच वाद्यावर स्थिर राहिले असते, तर पेटीचे एक घराणे उभे राहिले नसते काय?

आक्षेपाचा काही अंश मान्य करावा लागतो. पेटीवादनाची शिस्तबद्ध परंपरा मराठी मुलखात पुढे वाढली ती अन्य वादकांच्या द्वारा. पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) ही तिची ठळक नावे. टेंब्यांचा वारसा गुरुशिष्यांच्या साखळीत शोधू गेल्यास तो विरळ दिसेल. परंतु ही तुलना करताना दोन संगीतपद्धतींतील भेद दृष्टीआड होता कामा नये. युरोपीय पद्धतीत वादकाबाहेर, कागदावर, रचना नावाची वस्तू असते. ती वाद्याच्या नावाने जमा होते. आपल्याकडे पेटीसाठी वेगळी रचना संभवतच नाही. तिच्यावर जे वाजते ते गाण्याचेच असते. त्यामुळे पेटीवरील शोध टिकवावयाचा तर तो पेटीबाहेर नेणे हाच एक मार्ग होता : चालीत, पदात, पुस्तकात. टेंब्यांनी तोच अनुसरला. ज्याला विखुरणे म्हटले जाते, ते ह्या अर्थाने जतन करणे होते.

त्याची किंमत त्यांना पडली, हेही खरे. जतन झालेल्या वस्तू निरनिराळ्या कपाटांत गेल्या. त्या पुन्हा एकत्र आणण्याचे काम एकट्या संगीताच्या किंवा एकट्या वाङ्मयाच्या अभ्यासकाला पेलण्यासारखे नाही. 'मानापमाना'च्या पदांतील अंत्य अकारांची आणि हरकतींच्या जागांची नोंद, त्याच पदांची जुन्या ध्वनिमुद्रिकांतील विरामस्थाने, आणि 'माझा संगीत-व्यासंगा'तील गायनवर्णनांची वाक्यरचना ही तीन प्रकारची सामग्री शेजारी मांडून तपासली, तर येथे मांडलेला विचार कोठवर टिकतो हे ठरवता येईल. पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल एवढे हे काम आहे. ते कोणत्या विभागाने करावे, असा प्रश्न टेंब्यांच्या बाबतीत आजवर आड आला. भाषा, नाट्य आणि संगीत ह्या तिन्ही विभागांनी तो बाजूस ठेवून आरंभ करणे इष्ट होईल.